डाव्या भिवईचं टोक

प्रियंकाच्या डाव्या भिवईचा खालचा काठ साफ करून झाला होता आणि उत्पला वरच्या काठाकडे वळत होती, तेव्हा आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून बारीक घंटी वाजली. डाव लावायची वेळ संपल्याची घंटी. आता तीन-चार सेकंदांत डावीकडे एक पान पडणार होतं आणि उजवीकडे एक. उत्पलाने मान वर केली. फार नाही, बोटभरच. दोऱ्याचं एक टोक दातांत होतं, पीळ दोन्ही हातांत होता, आणि हात आपले चालत राहिले. अठरा वर्षं चाललेले हात ते, डोळ्यांसाठी थांबायची सवय त्यांना उरली नव्हती. पडद्यावरच्या मुलीने डावीकडे चौकटची सत्ती ठेवली. उजवीकडे किलवरची राणी. उजवी बाजू म्हणजे वाघ, आणि उत्पलाने वाघावर पैसे लावले होते. राणी मोठी होती, आणि त्याच क्षणी प्रियंका कळवळून ओरडली.

उत्पलाने खाली बघितलं. भिवईचं टोक नव्हतं. कानाकडे उतरत जाणारा शेवटचा निमुळता भाग, नखाएवढाच, पण नव्हता. तिथे लालसर, मोकळी, ओलसर कातडी होती. दोऱ्यावर केस चिकटलेले होते. आणि काय झालं हे नीट कळायच्या आधीच उत्पलाच्या तोंडून निघून गेलं, "हलली ना तू! हलू नको म्हटलं होतं मी."

प्रियंकाने आरसा घेतला. बराच वेळ बघितलं. तेवीस वर्षांची, ढाणकीजवळच्या तांड्यावरची ती पोरगी दोन महिन्यांपूर्वी वनरक्षकाच्या भरतीत निवडून आली होती. उन्हात धावून धावून रापलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर तिने स्वतःहून पहिल्यांदाच काही करून घ्यायचं ठरवलं होतं, कारण शनिवारी तिचा साखरपुडा होता. परवाच. तिने आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाली, "मीच हलली असंन, ताई. शिंक यायले झालती मले."

शिंक आली नव्हती. उत्पलाला ते माहीत होतं, कारण तिचा अंगठा त्या कपाळावर टेकलेला होता आणि ते कपाळ एखाद्या पाटीसारखं स्थिर होतं. पोरीने आपल्या मनानेच स्वतःसाठी एक कारण शोधून काढलं होतं, उत्पलाचं वाक्य खरं ठरावं म्हणून. उत्पलाने तपकिरी पेन्सिल घेतली, टोक काढून दिलं, वर हलक्या हाताने पावडर लावली, "शनिवारी सकाळी ये, साखरपुड्याचा मेकअप करताना मी बरोबर जमवते" म्हणाली. पैसे घेतले नाहीत. "अवो घ्या ना, माह्यी चूक हाय," असं म्हणून प्रियंकाने नोट फळीवर ठेवली, फोनच्या अगदी शेजारी. फोनमध्ये तोवर आणखी चार डाव होऊन गेले होते.

ती गेल्यावर उत्पला त्याच खुर्चीत बसली. उमरखेडच्या त्या गल्लीत सकाळी अकरा ते एक फारसं कुणी येत नाही. बाया शेतातून किंवा स्वयंपाकातून मोकळ्या होऊन येतात त्या दुपारनंतर. घराची पुढची खोली म्हणजे पार्लर, मधे पडदा, आत सासू. नवरा संघदीप नांदेडला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता, शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि ओठांच्या कोपऱ्यात अजून दोऱ्याचा तुकडा लटकत होता. तो तिने थुंकून टाकला. तिला पुसदच्या रझियाआपा आठवल्या, ज्यांच्याकडे ती लग्नाआधी शिकली होती. पहिले दोन महिने आपांनी तिला कुणाच्या चेहऱ्याला हात लावू दिला नव्हता. स्वतःच्या पोटरीवर दोरा चालवायचा, पोटरी लाल होईपर्यंत. आणि आपा मागून चहा पीत बघायच्या, म्हणायच्या, "दोरा किसी के चेहरे पर है, तब तक छत भी गिरे तो ऊपर नहीं देखना." एकदा त्यांनी मुद्दामच मागे स्टीलची परात टाकली होती. उत्पलाने मान वर केली नव्हती. तेव्हा आपा हसल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिच्यापुढे खुर्चीत बसून डोळे मिटले होते. परात पडूनही जी मान वर झाली नव्हती ती आता एवढ्याशा घंटीने वर झाली.

वाघ जिंकला होता. हे तिला राहून राहून आठवत होतं आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत होती. हरले असते तर निदान काहीतरी बरोबर झालं असतं.

कसं सुरू झालं ते सांगण्यासारखंही नव्हतं. मागच्या पावसाळ्यात केसांना रंग लावायला आलेल्या एका बाईने वेळ जात नाही म्हणून फोनवर दाखवलं होतं. हिरव्या टेबलामागे निळ्या झग्यातली एक मुलगी, खरीखुरी, कुठल्या तरी देशात त्या क्षणी बसलेली. डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे वाघ. दोन्हीकडे एकेक पान. मोठं पान जिंकणार. यात समजण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तर चांगलं होतं. पंधरा सेकंद लावायला, पाच सेकंद पानं, पाच सेकंद निकाल, आणि लगेच पुन्हा. त्या बाईचं ते ॲप पुढे बंदी आल्यावर बंद झालं, पण लिंका फिरत राहिल्या, कुणीतरी नंबर पाठवला, त्या नंबराने आयडी दिला. उत्पलाने पहिल्यांदा त्या मुलीच्या भिवया बघितल्या होत्या. सुरेख होत्या. कुणी केल्या असतील, त्या देशात दोऱ्याने करतात की मेणाने, असलं काहीतरी ती बघत बसली होती, आणि बघता बघता तिच्या ध्यानात आलं की ही मुलगी सरळ आपल्याकडे बघते आहे. डोळे उघडे ठेवून. उत्पलाचा सगळा दिवस चेहऱ्यांमध्ये जायचा, पण तिच्यापुढे जो चेहरा यायचा तो खुर्चीत बसला की डोळे मिटून घ्यायचा. रोज दहा, लग्नसराईत वीस चेहरे, सगळे मिटलेले. आत सासूबाई, पंचफुलाबाई, यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्या आवाजाच्या दिशेने बघायच्या, थोडं बाजूला. संघदीप फोनवर बोलायचा तेव्हा मागे कुठल्यातरी इमारतीतली ड्रिल चालू असायची. आणि एकदा तिने बाकीचे लिहितात तसं आपलं नाव त्या खेळाच्या कोपऱ्यात लिहिलं तेव्हा ती निळ्या झग्यातली मुलगी पानं पिसता पिसता थांबली, वाचलं, आणि म्हणाली, "उत्पला जी, वेलकम बॅक." कुणाला काय सांगणार हे? की एका अनोळखी मुलीने मोडक्या हिंदीत नाव घेतलं म्हणून मी परत गेले, आणि परत गेले, आणि आता ती मुलगी नसली, दुसरी असली, कुणीही असली तरी जाते?

त्यात पैसे गेले. पार्लरला दुसरी खुर्ची घ्यायची होती, तिचे गेले. मग सासूबाईंनी लग्नात घातलेल्या पाटल्या उत्पलाने एका सराफाकडे गहाण ठेवल्या आणि हातात काचेच्या बांगड्या भरल्या. कामात अडकतात म्हणून पाटल्या काढल्या, असं घरात सांगितलं. पण पैशांपेक्षा वेगळंच काहीतरी गेलं होतं आणि त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. डाव चालू असताना डोक्यात काही नसायचं. आणि आता डाव चालू नसतानाही डोक्यात काही नसायचं, नुसते ते पंचवीस सेकंद फिरत असायचे. बाई बोलायची, उत्पला हं हं करायची, आणि मनात डावीकडे एक, उजवीकडे एक. गिरणीत दोन बाया पुढे असल्या तरी तिला वाटायचं, आधी कुणाचा डबा उचलतो, डावीचा की उजवीचा.

शनिवारी सकाळी नऊ वाजताच प्रियंका आली, आणि बरोबर तिची आई बसंतीबाई. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, कपाळावर गोंदण, हातात पोरीच्या शालूची पिशवी. आल्या आल्या ती बोलायलाच लागली. "काय सांगू बाई तुमाले! ह्या छोरीनं नाक कापलं माह्यं. आमच्या घरात आजपर्यंत कोणी आयब्रो नाई केली, हिले करायची होती. केली तं केली, नीट बसाव तरी. काल नवऱ्याकडची आत्या येऊन गेली, पहिले तिले तेच दिसलं. म्हणे, पोरीले काही लागलं होतं का?"

"याडी, पुरे न आता," प्रियंका आईला म्हणाली. ती खुर्चीत बसली होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते.

"काहून पुरे? दोन मिन्टं एका जागी बसता येत नाई अन् म्हणे जंगलात ड्यूटी करतो. तिथं झाडामागं गुपचूप बसा लागते. तुह्यं ध्यान कुठं असते, सांग बरं मले?"

मेकअप होत आला तरी बोलणं चालूच होतं. उत्पला गालांवर शेवटचा हात फिरवत होती. बोटांखाली तिला प्रियंकाचा जबडा आवळलेला लागला. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या आणि उजव्या कोपऱ्यातून पाणी आलं, ते उत्पलाने कापसाने टिपलं. ध्यान कुठं असते. बसंतीबाई मागून बोलतच होती, आता दहावीतलं काहीतरी, एकदा दूध उतू गेलं होतं ते, लहानपणापासून ही अशीच. म्हणजे एवढ्या दोन दिवसांत नखाएवढ्या त्या जागेची मोठी गोष्ट झाली होती, आणि ती या पोरीच्या स्वभावावर जाऊन बसली होती. उद्या सासरीही ती जाणार. हीच ती, आयब्रो करताना हललेली. उत्पलाने कापूस खाली ठेवला. "पाणी आणते," असं म्हणून ती आत गेली.

फोन कनवटीला होता. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून तिने लिंक उघडली. आज कुणी नवीनच मुलगी होती, हिरव्या झग्यात. एकच डाव, नुसता श्वास घेण्यापुरता. ड्रॅगन. गेला. पुन्हा ड्रॅगन. आला. मग पुन्हा. बसंतीबाईचा आवाज दूर गेला, सगळं सपाट झालं. ती पडदा सारून बाहेर जायला निघाली तेव्हा मधल्या खोलीत पलंगावर बसलेल्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "पाणी आणाले गेलती ना तू?"

उत्पलाच्या हातात काही नव्हतं. सासूबाईंना ते दिसणं शक्य नव्हतं. पण हंड्यावरचं झाकण वाजलं नव्हतं, ग्लास वाजला नव्हता, हे त्यांना कळलं होतं. त्या तिच्याकडे बघत होत्या, नेहमीसारखं थोडं बाजूला, खिडकीच्या गजाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता प्रश्न होता आणि तो विचारून झाला होता.

ती परत वळली. झाकण काढलं, दोन ग्लास भरले, झाकण ठेवलं. बाहेर येऊन एक ग्लास बसंतीबाईला दिला, एक प्रियंकाच्या हातात दिला. मग खुर्चीमागे उभी राहिली. आरशात तिघी दिसत होत्या. तिला वाटलं होतं की असं काही बोलायला फार धीर लागत असेल, आधी छाती भरून यावी लागत असेल. तसं काही झालं नाही. उलट खूप थकल्यासारखं वाटलं आणि त्या थकव्यातूनच ती बोलली.

"काकू, तुमची पोरगी हलली नव्हती."

"काय?"

"ती हलली नव्हती. मी वर पाहिलं. दोरा तिच्या भिवईवर होता अन् मी फोनमधे पाहून राह्यली होती." कनवटीचा फोन तिने काढून फळीवर ठेवला. हिरव्या झग्यातली मुलगी पानं वाटतच होती. "पत्त्यांचा खेळ हाय हा, पैसे लावून. सहा-सात महिने झाले, मी खेळतो. ती नुसती बसली होती बिचारी. मी खोटं बोलली."

बसंतीबाई फोनकडे वाकली. एक डाव पूर्ण बघितला तिने, तोंडावर पदर धरून, एखादा साप बघावा तशी. मग ती ताठ उभी राहिली आणि तिच्या आवाजातला सगळा कलकलाट गेला. "आज साखरपुडा हाय माह्या पोरीचा. दोन दिवस झाले मी तिले बोलून राह्यली. तिच्या बापानं बोललं तिले." ती थांबली. "उठ, प्रियंका. चाल. ढाणकीत कोणीही करून देईन."

प्रियंकाने डोळे उघडले होते. आरशातून ती उत्पलाकडे बघत होती. उत्पलाने नजर काढून घेतली नाही. काढावीशी वाटली, पण नाही काढली. त्या डोळ्यांत राग होता, चांगला लखलखीत राग, आणि त्याखाली आणखी काहीतरी, बांधलेलं सुटल्यासारखं. पोरीने एक मोठा श्वास सोडला.

"एक भिवई राह्यली, याडी," ती म्हणाली. "तेवढी होऊ दे."

"हिच्या हातून?"

"मंग कोणाच्या? तिनंच बिघडवली, तीच करंन." आणि मग आरशातूनच, हळू आवाजात, "ताई, त्या दिवशी कोण जिंकलं होतं?"

उत्पलाला वाटलं खोटं सांगावं. "वाघ," ती म्हणाली. "मी वाघावरच लावलं होतं."

प्रियंका हसली नाही, पण तिच्या नाकपुड्या फुगल्या. "म्हंजे पुढच्या महिन्यापासून मी खऱ्या वाघामागं हिंडन, अन् तुमी इथं बसून कागदाच्या वाघापायी माह्यी भिवई खाल्ली." बसंतीबाईने मागे पिशवी धाडकन स्टुलावर आपटली. उत्पलाने फोन बंद केला, पेन्सिल घेतली आणि नखाएवढ्या त्या जागेवर एकेक केस काढायला लागली. एकच रेघ ओढली असती तर चाललं असतं. पण तिने एकेक केस काढला, मुळापासून टोकापर्यंत, वळण देऊन. वीस-बावीस केस. मधे बाहेर कुणाचीतरी मोटारसायकल पडली, कुत्री भुंकली, बसंतीबाई उठून दारापर्यंत जाऊन आली. नंतर तिला यातलं काही आठवत नव्हतं. केस आठवत होते.

झालं तेव्हा बसंतीबाईने पिशवी उचलली. पैसे मोजून फळीवर ठेवले आणि निघून गेली.

संध्याकाळी संघदीप आला. त्याने चपला काढल्या, आईच्या पायाशी बसून तिला नांदेडहून आणलेले पेढे दिले, आणि उत्पलाने चहा ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. सकाळी एकदा बोलली होती म्हणून दुसऱ्यांदा सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, पण ते जास्तच अवघड गेलं. खुर्चीचे पैसे सांगितले, पाटल्या सांगितल्या. पाटल्या म्हणताना ती पंचफुलाबाईंकडे बघू शकली नाही. संघदीप चिडणारा माणूस नव्हता. तो गप्प बसणारा होता, आणि त्याचं गप्प बसणं लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकावी तसं असायचं, आत कोण आहे ते कळायचं नाही. शेवटी त्याने विचारलं, "आईले माहीत हाय?"

"हाय मले माहीत," पंचफुलाबाई पलंगावरून म्हणाल्या. "दिवाळीपासून माहीत हाय. ते घंटी वाजते ना बारीक. अर्ध्या अर्ध्या मिन्टाले वाजते. मले पहिले वाटलं, कोणाच्या मशनीचा आवाज हाय. मंग ध्यानात आलं, घंटी वाजली का तू बोलता बोलता गप होतं."

"मंग बोलल्या काहून नाई, आई?" उत्पला जवळजवळ ओरडलीच.

म्हातारीने हातातला पेढा अर्धा मोडला, अर्धा परत पुड्यात ठेवला. "बोलणार होती. रोजच बोलणार होती. पण मले वाटे, मी बोलली तं तू फोन लपवशीन, मंग घंटीबी नाई ऐकू येणार मले. मंग कसं समजंन, कुठं हायस तू?" आणि मग स्वतःशीच, "चुकलंच माह्यं. बोलाव लागत होतं."

संघदीपने तोंडावरून हात फिरवला. "सोमवारी मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "पाटल्याचं पाहू मंग. पहिले दवाखान्यात जाऊन विचारू. आमच्या सायटीवरचा एक पोट्टा गेलता असल्याच पायी. बोलतात ते, ऐकून घेतात. औषध नाई देत काही." उत्पला त्याच्याकडे बघत राहिली. इतकी सलग वाक्यं तो फोनवर कधी बोलला नव्हता.

हे सगळं झालं म्हणून खेळ सुटला असं नाही. लिंक काढून टाकली, नंबर बंद केला, दुसऱ्या नंबरावरून निरोप आला. सकाळी अकरा ते एक फोन पंचफुलाबाईंच्या उशीखाली राहायचा, आणि दवाखान्यातल्या समुपदेशक बाईने सांगितल्याप्रमाणे उत्पला वहीत लिहायची की मन कधी ओढतं. ओढायचं तेव्हा ते पैशांकडे ओढायचं नाही. एखादी बाई उठून गेल्यावर आणि दुसरी यायच्या आधी जी पोकळी असते, पंखा फिरतो आहे, आरशात रिकामी खुर्ची आहे, तिच्याकडे बघवायचं नाही म्हणून ओढायचं. अकराव्या दिवशी सासूबाईंचा डोळा लागला होता, तेव्हा तिने उशीखालून फोन काढला. अंगणात बसून खेळली. सव्वीस डाव. हरली, जिंकली, हरली. पण एक गोष्ट झाली होती, तिला मुलीच्या मागची भिंत दिसायला लागली होती. रंगवलेला पुठ्ठा होता तो, एका कोपऱ्यात उचकटलेला. आणि मुलगी थकलेली होती. हसत होती, नमस्ते म्हणत होती, आणि तिचे डोळे आपल्याकडे नाही, काचेकडे बघत होते. आठ तास काचेकडे बघून ते लाल झाले होते. उत्पलाने फोन बंद केला आणि आत जाऊन सासूबाईंना उठवलं. "आई, मी आत्ता खेळली." म्हातारी झोपेतून उठून बसली, पदर सावरला. "बरं," म्हणाली. "सांगितलं तू. आता चहा ठेव." त्या दिवसाच्या पानावर उत्पलाने दोन्ही गोष्टी लिहिल्या, खेळलेही आणि सांगितलंही.

प्रियंका दर तीन दिवसांनी यायची. ढाणकीहून बसने, कधी मुद्दाम, कधी कामाच्या निमित्ताने. बसंतीबाई येत नव्हती. उत्पला आधी भिंग लावून ती जागा बघायची, मग कापसाने एरंडेल लावायची, मग केस काढून द्यायची. प्रियंका बोलायची, आणि उत्पलाला ऐकू यायचं. हे तिचं तिलाच नवल वाटायचं. कुठल्या जंगलात नेमणूक मिळेल, होणारा नवरा रात्रपाळीला हरकत घेतो का, त्याने फोनवर काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं. एकदा तिने विचारलं, "तुमाले अजून आठवण येते का त्याची?" उत्पला म्हणाली, "येते. आत्ता, तू आली नव्हती तव्हा आली होती." प्रियंकाने मान हलवली, समजल्यासारखी. भरतीत दोनदा नापास झाल्यावर तीही असंच रोज पहाटे अंथरुणात पडून राहायची, म्हणाली, धावायला जायचं नाही म्हणून. तिसऱ्यांदा उठली ते कशाने उठली ते तिला सांगता येत नव्हतं. विसाव्या दिवशी भिंगाखाली कातडीवर काळे ठिपके दिसले. सात. उत्पलाने दोनदा मोजले. तिसाव्या दिवशी ते केस होते, आखूड, उभे, ताठ, आणि बोट फिरवलं तर टोचत होते.

लग्न चैत्रात, तांड्यावर. उत्पला सकाळच्या बसनेच निघाली. मांडीवर सामानाची पेटी, फोन घरी सासूबाईंच्या उशाशी. ढाणकीच्या पुढे हळदीची शेतं मोकळी झाली होती आणि रस्त्याच्या कडेने उकडलेली हळद वाळत घातलेली होती, पिवळी, मैलभर. अमरसिंग, प्रियंकाचा बाप, मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा होता. त्याने पेटी पुढे घेतली. घरात पाहुण्यांनी पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्या खोलीत प्रियंकाला तयार करायला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात कुणीतरी सारखं दार उघडत होतं, कुणी बांगड्या मागत होतं, कुणी पोर रडवत होतं. भिवईला पेन्सिल जेमतेम लागली. दोन-चार केस कमी होते तिथे. प्रियंकाने आरशात बघितलं, डावीकडून, उजवीकडून. "झाली की हो," ती म्हणाली, आणि उठून सरळ तिच्या मैत्रिणींत गेली.

उत्पला सामान आवरत होती. पेटी बंद करणार तेवढ्यात दार आतून लावल्याचा आवाज आला. बसंतीबाई होती. नवीन लुगडं, घामाने भिजलेला चेहरा, हातात पाण्याचा तांब्या. तांब्या तिने उत्पलापुढे ठेवला. मग खोलीत इकडेतिकडे बघितलं, एक पाट ओढला, तो उत्पलासमोर ठेवून त्यावर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"माह्यीबी कर," ती म्हणाली. "व्याहीन करून येऊन राह्यली म्हणे."

उत्पलाने तिच्या कपाळाकडे बघितलं. "काकू, दुखंन थोडं. पहिल्यांदा हाय तुमची."

"चार लेकरं झाले मले. कर."

आणि तिने डोळे मिटले. लहान मुलं सुई टोचायच्या आधी मिटतात तसे, घट्ट, सगळा चेहरा गोळा करून. उत्पलाने पेटीतून रीळ काढलं, दोरा तोडला. ती गुडघ्यांवर बसली. गोंदणाच्या जवळच पन्नास वर्षं कुणी हात न लावलेल्या त्या दाट, अर्ध्या पिकलेल्या भिवया होत्या, एकीकडून दुसरीकडे जवळजवळ जुळलेल्या. तिने अंगठा कपाळावर टेकवला.

"इतके घट्ट नका मिटू," ती म्हणाली. "सैल सोडा. हं, असं."

बसंतीबाईचा चेहरा हळूहळू सुटला. बाहेर डफडं वाजायला लागलं होतं, कुणीतरी दारावर थाप मारली, "बसंती, ए बसंती, वरात आली!" म्हणून हाका घातल्या. उत्पलाने दोरा दातांत धरला होता, त्यामुळे तिला बोलता येईना. बसंतीबाईच बोलली, डोळे न उघडता, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"थांबू दे वरातीले! आमचं काम चालू हाय."